तुझा कोड कोणी वाचलाय का?

प्रोग्रॅमिंग शिकायला डिग्री करावी की स्वतः शिकावं, असं कोणी विचारलं की मला आमचा एक रिपोर्ट आठवतो. तो संध्याकाळी सुरू करून घरी जायचं आणि सकाळी येऊन झाला का ते बघायचं, असं आमचं कितीतरी महिने चाललं होतं. दोन याद्या, दोन्हीत साधारण 2 लाख नोंदी, पहिलीतली प्रत्येक नोंद दुसरीत आहे का ते बघायचं आणि ज्या सापडत नाहीत त्या बाजूला काढायच्या, बस एवढंच काम. कोड माझा होता. एका लूपच्या पोटात दुसरा लूप, म्हणजे पहिलीतल्या प्रत्येक नोंदीसाठी दुसरी यादी पहिल्यापासून चाळायची. लिहिला तेव्हा 100-100 नोंदी घालून तपासला होता, एंटर दाबलं की उत्तर हजर, त्यामुळे मी निर्धास्त होते. खऱ्या डेटावर तो रात्रभर चालायला लागला तेव्हा मी धरूनच चालले की डेटा मोठा आहे, वेळ लागणारच. तरी हातपाय मारले. लूप फास्ट कसा करायचा हे शोधलं, जी जी उत्तरं मिळाली ती सगळी करून पाहिली, यादीचे चार तुकडे करून प्रोसेसरच्या चार कोअरवर एकदम चालवले, रात्रभराचं काम दोन-अडीच तासांवर आलं आणि मला त्याचा खूप अभिमान वाटला.

मग टीममध्ये एक मुलगा आला, कॉम्प्युटर सायन्सची डिग्री घेऊन थेट, पहिलीच नोकरी. त्याला हा कोड नुसता वाचून समजून घ्यायला दिला होता. दुसऱ्या दिवशी माझ्याजवळ आला आणि जरा चाचरतच म्हणाला, "मॅम, दुसरी यादी आधी डिक्शनरीत का नाही टाकलीत? हे एन स्क्वेअर होतंय."

एन स्क्वेअर म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. तसं मी त्याला सांगितलं, आणि त्याने कागद ओढून घेऊन मांडून दाखवलं. एन म्हणजे नोंदींची संख्या, आणि तुलना होतात तिच्या वर्गाएवढ्या. 100 आणि 100 नोंदी म्हणजे 10,000 तुलना. 2 लाख आणि 2 लाख म्हणजे वाईटात वाईट 4,000 कोटी तुलना. नोंदी 2,000 पट वाढल्या तर काम 40 लाख पट वाढलं. चार कोअर लावून मी त्या 40 लाखाला चारने भागत होते, बाकी काही नाही. डिक्शनरीत काय होतं, तर प्रत्येक किल्लीपासून गणित करून एक आकडा काढतात, त्या आकड्याच्या कप्प्यात ती नोंद ठेवतात, मग शोधताना सगळी यादी चाळायची नाही, तेच गणित परत करायचं आणि सरळ त्या कप्प्याशी जायचं. याला हॅशिंग म्हणतात. म्हणजे 2 लाख वेळा ठेवायचं, 2 लाख वेळा बघायचं, संपलं. सहा ओळी बदलल्या. रिपोर्ट नऊ सेकंदात आला. आम्ही दोघांनी दोनदा परत चालवून पाहिला.

मी डिक्शनरी रोज वापरत होते हो. ती का फास्ट असते हे कधी विचारलंच नव्हतं, कारण माझं काम कधी त्यावाचून अडलं नव्हतं. मी केमिस्ट्री शिकले, प्रोग्रॅमिंग स्वतः शिकले, नोकरीला लागून तेव्हा चार वर्षं झाली होती आणि मला वाटायचं की आपल्याला जे येत नाही ते आपण लागेल तेव्हा शोधून काढू. पण ज्या गोष्टीचं नावच माहीत नाही ती शोधणार कशी? मी "लूप फास्ट कसा करायचा" हे शोधलं आणि मला लूप फास्ट करायची उत्तरं मिळाली, बरोबरच मिळाली. लूपच नको, हा प्रश्न माझ्या डोक्यात आला असता तर उत्तर पाच मिनिटांवर होतं.

डिग्रीचं खरं देणं मला हे वाटतं. तुम्ही कधी विचारले नसते असे प्रश्न कोणीतरी तुमच्यापुढे आणून ठेवतं, तेही एका क्रमाने, आणि तुम्हाला आवडो न आवडो त्यांच्याशी काही महिने झटावं लागतं. त्यातलं निम्मं विसरायला होतं. पण नाव राहतं. डेडलॉक नावाचं काही असतं, इंडेक्स नावाचं काही असतं, दोन जण एकाच वेळी एकच नोंद बदलायला लागले तर एकाचा बदल गडप होऊ शकतो आणि त्यावर ट्रान्झॅक्शन नावाचा उपाय असतो, एवढं डोक्याच्या कोपऱ्यात कुठेतरी असलं की पाच वर्षांनी गडबड समोर आल्यावर माणूस म्हणतो, थांबा, हे मी पाहिलंय. स्वतः शिकणाऱ्याला प्रत्येक खड्डा पहिल्यांदाच भेटतो.

आता दुसरी बाजू, आणि ती त्याच मुलाची आहे.

तीन-चार आठवड्यांनी सर्व्हरवर काहीतरी बिघडलं, काही लोकांना पान दिसत नव्हतं, काहींना दिसत होतं. त्याला म्हटलं लॉग बघ, म्हणजे सर्व्हर काय काय घडलं ते लिहून ठेवतो ती नोंद. लॉगची फाइल 2 जीबीची. त्याने ती एडिटरमध्ये डबल क्लिक करून उघडली आणि लॅपटॉप गोठला. परत सुरू केला, परत तेच. एररखाली चूक कुठून कुठे आली ते दाखवणारा साठ-सत्तर ओळींचा स्टॅक ट्रेस यायचा, त्यातली फक्त शेवटची ओळ तो वाचायचा आणि माझ्याकडे बघायचा. हा तोच मुलगा, ज्याने मला हॅशिंग कागदावर दहा मिनिटांत शिकवलं. त्याच्या शेजारी एक मुलगी बसायची, तीही नवीनच, तिच्याकडे कॉम्प्युटरची डिग्री नव्हती, शाळेत असल्यापासून गेमचे सर्व्हर चालवायची आणि ते पडले की स्वतःच उभे करायची. तिने खुर्ची सरकवली, टर्मिनलमध्ये ग्रेप ही फाइलमधल्या हव्या त्या ओळी शोधून देणारी कमांड मारली, वेळेची एक खिडकी काढली, त्यातल्या एररच्या ओळी मोजल्या, आणि पाचच मिनिटांत म्हणाली की तीन सर्व्हरपैकी एकावरच हे होतंय, त्याची डिस्क भरलेली दिसतेय. भरलेलीच होती.

ती हुशार आणि तो ढ असं अजिबात नव्हतं. त्याने आयुष्यात जे काही बनवलं होतं ते सेमिस्टरच्या शेवटी संपलं होतं. सबमिट केलं, मार्क पडले, फोल्डर बंद. आपणच लिहिलेला कोड सहा महिन्यांनी रात्री मोडतो, तो लिहिताना आपल्या मनात काय होतं ते आपल्यालाच आठवत नाही, आणि तिकडे कोणीतरी खोळंबलेलं असतं, हे त्याच्या वाट्याला आलेलंच नव्हतं. तिच्या वाट्याला ते चौदाव्या वर्षापासून येत होतं. हे कॉलेजांना कळत नाही असंही नाही. एमआयटीत 2020 च्या जानेवारीत एक छोटा कोर्स झाला, त्याचं नावच "द मिसिंग सेमिस्टर", राहून गेलेली सहामाही. त्यात शिकवलं काय, तर टर्मिनल, कोडमधले बदल जपून ठेवणारं गिट, एडिटर, डिबगिंग म्हणजे चुका शोधणं. म्हणजे रोजच्या कामाची अवजारं. एवढ्या मोठ्या संस्थेतल्या मुलांनाही हे वर्गात कोणी शिकवत नाही, ती आपापली इकडून तिकडून उचलतात, हे ओळखूनच तो कोर्स काढला गेला, आणि त्याचे व्हिडिओ सगळ्यांना मोकळे आहेत. डिग्री करणाऱ्या प्रत्येकाला मी तो बघायला सांगते.

डिग्रीची गरज नाही म्हणणारे लोक हमखास जुन्या माणसांची उदाहरणं देतात, आणि ती खरीच आहेत. हे क्षेत्र ज्यांनी उभं केलं त्यांच्याकडे या विषयाची डिग्री नव्हती कारण तशी डिग्रीच नव्हती. केंब्रिजने 1953 मध्ये एक वर्षाचा डिप्लोमा सुरू केला, अमेरिकेत पहिला स्वतंत्र विभाग पर्ड्यू विद्यापीठात 1962 ला निघाला. कॉम्प्युटर सायन्सच्या आद्य शास्त्रज्ञांपैकी एक, डाइक्स्ट्रा, 1957 मध्ये लग्न करत होते तेव्हा ॲमस्टरडॅमच्या कचेरीत व्यवसाय म्हणून "प्रोग्रॅमर" लिहून घ्यायला नकार मिळाला, असा काही व्यवसायच नाही म्हणून, शेवटी "सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ" लिहावं लागलं. अपोलो यानातलं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या विभागाच्या प्रमुख मार्गारेट हॅमिल्टन, त्यांची पदवी गणिताची. हे सगळं मला पाठ आहे कारण सुरुवातीची काही वर्षं मी स्वतःला धीर द्यायला हेच वाचत असायचे.

पण नंतर नंतर मला त्यात दुसरंच दिसायला लागलं. यातलं कोणीही एकटं नव्हतं. हॅमिल्टन यांच्याभोवती एक अख्खी प्रयोगशाळा होती, प्रत्येक बदल तपासणारी माणसं होती, चूक झाली तर अंतराळवीरांच्या जिवाशी गाठ होती. डाइक्स्ट्रा गणितज्ञांमध्ये बसून काम करत होते. आपण "ते स्वतः शिकले" म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर एक माणूस, एक खोली आणि एक मशीन येतं, आणि नवीन मुलं त्या चित्राच्या नादी लागून खरंच खोलीत एकटी बसून राहतात. स्वतः शिकणं वेगळं आणि एकट्याने शिकणं वेगळं. मला हे कळायला फार वर्षं लागली, आणि खरं सांगायचं तर हा लेख त्या एका गोष्टीसाठीच लिहितेय.

लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहिणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सचं बघा ना. दोन्ही बाजूचे लोक त्याला आपल्याकडे ओढतात. लहानपणी आजोबांच्या कमोडोर व्हिक-20 कॉम्प्युटरवर प्रोग्रॅमिंग शिकला, घरी बसून 1991 मध्ये लिनक्स लिहायला घेतलं, हे एका बाजूचं. तेव्हा तो हेलसिंकी विद्यापीठाचा विद्यार्थी होता आणि मास्टर्सचा प्रबंधही त्याने पुढे लिनक्सवरच लिहिला, हे दुसऱ्या बाजूचं. मला यातली तिसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. त्याने सुरुवात केली ती मिनिक्सवरून, आणि मिनिक्स हे टॅनेनबॉम नावाच्या प्राध्यापकांनी विद्यार्थ्यांना ऑपरेटिंग सिस्टिम आतून कळावी म्हणून लिहिलेलं, सोबत त्यांचं पाठ्यपुस्तक. ते पुस्तक लिनसने आधीच्या उन्हाळ्यात वाचून काढलं होतं. म्हणजे शिकवायला एक प्राध्यापक होतेच, फक्त वेगळ्या देशात. आणि 1992 च्या जानेवारीत त्याच प्राध्यापकांनी सगळ्यांसमोर लिहिलं की लिनक्सची रचनाच कालबाह्य आहे, तू माझा विद्यार्थी नाहीस हे बरं, अशा डिझाइनला मी चांगले मार्क दिले नसते. लिनस भांडला, तावातावाने भांडला, दुसऱ्या दिवशी सूर जास्तच चढला होता म्हणून माफीही मागितली, आणि काम करत राहिला. रचनेच्या त्या वादात कोण बरोबर यावर लोक आजही बोलतात, ते जाऊ दे. एका विशीतल्या मुलाचा कोड जगातल्या जाणत्या माणसाने वाचला आणि तोंडावर नापसंत केला, आणि बाकी कित्येक अनोळखी लोक तोच कोड चालवून बघून बग कळवत होते, हे किती मोठं भाग्य आहे! कुठल्याच सिलॅबसमध्ये हे नसतं आणि कुठल्याच व्हिडिओतही नसतं.

मशीन आपल्याला चूक सांगतं ना, मग माणूस कशाला, असं मला पूर्वी वाटायचं. मशीन फक्त एवढंच सांगतं की चाललं किंवा नाही चाललं. माझा रात्रभराचा रिपोर्ट चालतच होता. उत्तरंही बरोबर होती. मशीनने कधीच तक्रार केली नसती.

दुसरं उदाहरण याहून मनाला लागणारं आहे. शिकायला लागल्यावर थोड्याच दिवसांत प्रत्येकाला एकदा भेटतं ते, 0.1 अधिक 0.2 केलं की उत्तर 0.30000000000000004 येतं. मी ते पाहिलं, दोन दशांशांपर्यंत राऊंड केलं, दिसायचं बंद झालं, मी पुढे गेले. एक दशांश हा अपूर्णांक बायनरीत, म्हणजे फक्त 0 आणि 1 वापरून, नेमका लिहिताच येत नाही, आपल्याकडे एक तृतीयांश लिहिताना 0.333 संपत नाही तसं, त्यामुळे मशीनमध्ये असतो तो कायम किंचित चुकलेला एक दशांश, हे मला खूप उशिरा कळलं. आणि कळलं तेव्हा सोबत आखाती युद्धातली, सौदी अरेबियातल्या धाहरानची गोष्ट वाचली. 25 फेब्रुवारी 1991, तिथली पॅट्रियट ही, येणारी क्षेपणास्त्रं हवेतच पाडणारी अमेरिकी यंत्रणा सलग 100 तासांच्या आसपास सुरू होती, तिचं घड्याळ सेकंदाचे दशांश मोजायचं, आणि त्यांचे सेकंद करताना तो दशांश 24 बिटांत बसवलेला, म्हणजे किंचित कापलेला. 100 तासांत ती चूक साचून 0.34 सेकंद झाली. एवढ्या वेळात येणारं क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे गेलेलं असतं. यंत्रणेने चुकीच्या जागी पाहिलं, तिला काही दिसलं नाही, 28 सैनिक गेले. दुरुस्त सॉफ्टवेअर तिथे पोचलं दुसऱ्या दिवशी.

ती यंत्रणा शिकलेल्या इंजिनिअरांनी बनवलेली. बायनरीत एक दशांश बसत नाही हे त्यांना ठाऊक नसेल असं नाही, उलट वेळेचं रूपांतर जास्त अचूक करणारा सुधारित कोड प्रोग्रॅममध्ये काही ठिकाणी घातलेलाही होता, पण सगळ्या ठिकाणी घातला गेला नव्हता. हे वाचलं त्या दिवशी मला खूप वेळ काही सुचलं नाही. ज्ञान होतं, उपायही होता, आणि तरी तो जिथे जिथे हवा तिथे तिथे आहे का हे शेवटपर्यंत कोणी पडताळलं नाही. डिग्रीने भागत नाही ते इथे. नाव माहीत असणं आणि हजारो ओळींच्या जुन्या कोडमध्ये ती गोष्ट नेमकी कुठे दडून बसलीय ते बोटाने दाखवता येणं, यातलं अंतर वर्गात कापलं जात नाही, ते दुसऱ्याचा कोड वाचून आणि आपला वाचायला देऊनच कापावं लागतं.

स्वतः शिकणाऱ्यांमध्येही दोन प्रकार असतात हे मात्र बोललं पाहिजे, कारण त्यात मुलांची वर्षंच्या वर्षं जातात. ट्युटोरियल बघत बघत टाइप करत गेलं की शेवटी ॲप चालतं, छान वाटतं, मग पुढचं ट्युटोरियल. त्यात कधीच काही मोडत नाही, मोडलं तर ते शिकवणाऱ्याने आधीच निस्तरलेलं असतं. अशी वीस ॲपं केलेली मुलं मला भेटलीत, आणि त्यांना एखादं लहानसं काम दिलं ज्याचा व्हिडिओ नाही, की ती पहिल्या एररला थबकतात आणि तिथे त्यांना फार वाईट वाटतं, आपल्याला काहीच येत नाही असं वाटायला लागतं. येत असतं थोडं. अडकून पडायची सवय नसते. दुसऱ्याची असाइनमेंट उतरवून डिग्री मिळवलेल्याचंही अगदी हेच होतं, तेव्हा रस्ता कुठला होता याने इथे काही फरक पडत नाही.

आणि 2022 च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आल्यापासून तर अडकणं जवळजवळ नाहीसंच झालंय. विचारलं की कोड हजर, बहुतेक वेळा चालणारा. मी रोज वापरते, त्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. पण माझा जुना दुहेरी लूपही चालणाराच होता. आता लिहायचं काम हलकं झालं आणि वाचून "हे चालेल पण पुढे मोडेल" म्हणायचं काम नवीन माणसावर पहिल्याच दिवशी येऊन पडलं, जे आधी पाचव्या वर्षी यायचं. ते म्हणायला आधी स्वतःचं काहीतरी मोडलेलं असावं लागतं आणि ते का मोडलं हे कोणीतरी समजावून सांगितलेलं असावं लागतं.

म्हणून कोणी मला विचारलं की डिग्री करू का स्वतः शिकू, तर मी आधी विचारते की डिग्री करणं तुला परवडतंय का, वेळ आहे का, घरचं काही ओझं आहे का. परवडत असेल तर कर, मनापासून कर, अल्गोरिदम आणि ऑपरेटिंग सिस्टिम आणि डेटाबेस यांचे तास बुडवू नकोस, कारण त्या क्रमाने ते तुला नंतर कोणी शिकवणार नाही, मी नोकरी करता करता शिकलेय आणि ते किती जड जातं ते मला माहितीये. नसेल परवडत तर मुळीच कमीपणा वाटून घेऊ नकोस, एमआयटीने 2002 पासून आपलं वर्गातलं साहित्य इंटरनेटवर मोकळं ठेवलंय, कोणीही घेऊ शकतं, तोच विषय, तेच प्रश्न. दोन्हींत एक गोष्ट मात्र कर, आजच कर. तुझा कोड अशा माणसाला दाखव ज्याला तुझी भीड नाही.

इंटरव्ह्यूत मी हल्ली हाच प्रश्न विचारते, तुझा कोड कोणी वाचलाय का, आणि वाचून काय म्हणालं. खूप जण गप्प होतात. चांगले मार्क असलेले गप्प होतात, कोड ठेवायच्या गिटहब साइटवर चाळीस प्रोजेक्ट असलेलेही होतात.

मागच्या वेळी एक मुलगा आला होता. तोही आधी गप्पच बसला, मग त्यानेच विचारलं, दाखवू का? लॅपटॉप उघडला. तारखा वाचणाऱ्या एका छोट्या ओपन सोर्स लायब्ररीत, म्हणजे कोणीही वाचून दुरुस्ती सुचवू शकेल अशा कोडमध्ये, त्याने एक दुरुस्ती पाठवली होती, 11 ओळींची. ती तीनदा परत आली होती. पहिल्यांदा कोणीतरी एवढंच विचारलं होतं, 29 फेब्रुवारीचं काय? दुसऱ्यांदा, टेस्ट कुठे आहे? तिसऱ्यांदा एका जुन्या फंक्शनची लिंक दिली होती, हे आधीच आहे, यातच का नाही बसवत? त्याने एकेक कॉमेंट वाचून दाखवली, त्या त्या वेळी आपल्याला काय वाटलं होतं ते सांगितलं, 29 फेब्रुवारीच्या कॉमेंटचा आपल्याला राग आला होता आणि दोन दिवस लॅपटॉप उघडला नाही हेही सांगितलं. चौथ्या वेळी पाठवलेली दुरुस्ती 4 ओळींची होती. ती घेतली गेली. मी म्हटलं, त्या चार ओळी समजावून सांग. इंटरव्ह्यूची वेळ संपली तरी आम्ही वीस मिनिटं त्याच चार ओळींवर बोलत बसलो होतो.